डाळिंबाच्या पानांचं सिक्वेन्सिंग आणि सगळ्यात कमी रेटचं टेंडर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमुक पिकात रोगाला तोंड देणारे जीन्स सापडले अशी बातमी पेपरात आली की दुसऱ्या दिवशी सांगोल्याकडचे, मालेगाव-सटाण्याकडचे बागायतदार फोन करून विचारतात, मॅडम रोपं कधी मिळणार. मी डाळिंबाच्या तेल्या रोगावर (जिवाणूमुळे पानाफळांवर तेलकट डाग पडतात तो) काम करते त्यामुळे हे फोन मलाही येतात आणि त्यांचं काही चुकतंय असं मला अजिबात वाटत नाही, कारण ज्याची मृग बहाराची अख्खी बाग पावसाच्या दोन सरींत डागाळते त्याला घाई असणारच. पण हे जीन्स सापडतात कुठे, कोणाच्या मशीनवर, कोणत्या अटींवर आणि त्या अटी ठरवतं कोण, यावर कुठेच काही लिहून येत नाही. म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबलंय, जमेल तेवढं छापा.

आधी थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं कळेल. झाडाच्या सगळ्या पेशींत जीन्स तेच असतात पण कुठला चालू आणि कुठला बंद हे पानात वेगळं, सालीत वेगळं, सकाळी वेगळं, रोग लागल्यावर वेगळं. चालू असलेल्या जीनच्या आरएनए कॉप्या निघतात, त्या कॉप्या वाचून मोजल्या की ते पान आत्ता काय करतंय ते समजतं. याला आरएनए सिक्वेन्सिंग म्हणतात, लॅबमध्ये सगळे आरएनए-सेक म्हणतात. डाळिंबाचा पहिला जीनोम, म्हणजे सगळ्या जीन्सचा नकाशा, २०१७ मध्ये आला, चीनमधल्या दाबेन्झी नावाच्या जातीवरून, त्यात २९ हजारांच्या वर जीन्स निघाले. तेल्याचा झँथोमोनास जिवाणू पानावर पडल्यावर या २९ हजारांतले कुठले जीन्स जागे होतात, भगवा या आपल्या नेहमीच्या वाणात कुठले होतात आणि एखाद्या रानटी किंवा जरा चिवट झाडात कुठले होतात, एवढंच आम्हाला बघायचं असतं.

हे वाचायचं मोठं मशीन आमच्याकडे नाही, राज्यातल्या बहुतेक लॅबकडे नाही. आणि ते नाही याबद्दल माझी तक्रारही नाही. मशीन कोटींत जातं, त्याची केमिकल्स महाग आणि एक्सपायर होणारी, दरवर्षीचा मेंटेनन्स वेगळा, आणि एका विद्यापीठाचे नमुने जेमतेम काही दिवस त्याला पुरतील, बाकी वर्षभर ते झाकून ठेवायचं. त्यामुळे नमुने बाहेरच्या कंपनीकडे पाठवणं हेच बरोबर आहे. जगभर हेच चालतं, चांगल्या चांगल्या संस्था हेच करतात. माझं म्हणणं वेगळं आहे. मशीन बाहेरचं वापरायला हरकत नाही पण त्याच्याबरोबर प्रयोग कसा आखायचा, नमुना पास की नापास, कुठली पद्धत वापरायची, आकड्यांचा अर्थ काय, हे सगळं पण आपण कंपनीवर सोडून देतोय, आणि कंपनी निवडतोय फक्त रेट बघून.

सुरुवात शेतातूनच होते. आरएनए इतका नाजूक की दूध उन्हात नासायला जेवढा वेळ लागतो तेवढाही त्याला लागत नाही, त्याला तोडणारी एन्झाइम्स आपल्या हातावर, धुळीवर, त्या पानातच असतात. शिवाय पान तोडलं हीच झाडाला जखम, काही मिनिटांत जखमेचे जीन्स चालू होतात आणि मग तुम्ही तेल्याचा परिणाम मोजताय की कात्रीचा हेच कळत नाही. म्हणून पान तोडलं की लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ डिग्रीला. आता बागेत लिक्विड नायट्रोजन आणायचा कुठून? तर तालुक्याला कृत्रिम रेतनासाठी वीर्याच्या कांड्या ठेवायला जो नायट्रोजन येतो तिथून विनंती करून मिळतो, पशुसंवर्धनच्या लोकांनी कितीतरी संशोधन असं वाचवलंय आणि त्यांचं नाव कुठल्याच पेपरमध्ये येत नाही हे इथे मुद्दाम लिहिते. सगळी पानं एकाच वेळेला तोडावी लागतात, सकाळी कंट्रोलची (तुलनेसाठीच्या निरोगी झाडांची) आणि दुपारी रोगटची असं चालत नाही कारण झाडाचे हजारो जीन्स घड्याळाप्रमाणे वरखाली होत असतात.

मग आरएनए काढणं. डाळिंब या बाबतीत फार हट्टी पीक आहे, पानात सालीत सगळीकडे टॅनिन आणि पॉलिफेनॉल (डाळिंबाची साल कातडी कमवायला आणि रंगवायला वापरत ते याचमुळे). पान कुटलं की ते तपकिरी होतं आणि ही द्रव्यं आरएनएला चिकटून बसतात. जे तयार किट बाहेरच्या कंपन्या सगळ्या वनस्पतींना वापरतात ते मऊ पानांना छान चालतं, डाळिंबाला, द्राक्षाला, आंब्याला बऱ्याचदा चालत नाही, तिथे सीटॅब नावाच्या रसायनाची जुनी पद्धत, टॅनिनला आवरणारी पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही द्रव्यं घालून, हाताने करावी लागते, वेळ जातो पण आरएनए स्वच्छ येतो. टेंडरमध्ये मात्र नुसतं लिहिलेलं असतं "आरएनए एक्स्ट्रॅक्शनसह". म्हणजे पानं डब्यात घालून पाठवायची आणि पुढचं कंपनी बघेल. कंपनीतल्या मुलामुलींना डाळिंब हाताळायचा अनुभव असेलच असं नाही, त्यांच्यापुढे त्या दिवशी माणसाचं रक्त, उंदराचं यकृत, माती, काय काय आलेलं असतं.

पाठवणं हा आणखी एक प्रकार. ड्राय आइस उणे ७८ डिग्रीचा, विमानाने जायचा असेल तर तो धोकादायक मालात मोडतो, वेगळं लेबल, वेगळे कागद, आणि लहान गावातले कुरिअरवाले तो घेतच नाहीत. घेतला तर शनिवार-रविवार मध्ये येऊन पार्सल कुठल्यातरी गोडाऊनमध्ये बसतं, बॉक्स उघडल्यावर बर्फ उडून गेलेला. हे माझ्या ओळखीच्या एकापेक्षा जास्त लॅबमध्ये झालंय. नमुना परदेशातल्या लॅबला जाणार असेल तर जैवविविधता कायदा २००२ लागतो, चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडून परवानगी लागते, आणि रेट स्वस्त म्हणून ज्या कंपनीला काम दिलं ती नमुने इथेच वाचणार की बाहेरच्या देशात पाठवणार हे टेंडरमध्ये विचारलेलंच नसतं!

आता रेटचं. आरएनए किती शाबूत आहे याला आरआयएन नावाचा आकडा असतो, १ ते १०, बहुतेक ठिकाणी ७ च्या आसपास किंवा वर मागतात. पानांच्या बाबतीत हा आकडा जरा समजून वाचावा लागतो कारण हरितलवकाचा आरएनए मध्ये येऊन चांगला नमुनाही थोडा कमी दिसतो. पण कधी नमुना खरंच तुटलेला असतो, तेव्हा कंपनीचा मेल येतो की क्वालिटी फेल आहे, तुमच्या जबाबदारीवर पुढे जायचं का, हो म्हणा. इथे बघा काय होतं. नमुना घेतला सप्टेंबरमध्ये, पैसे आले जानेवारीच्या शेवटी, टेंडर उघडलं फेब्रुवारीत, मेल आला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि ३१ मार्चच्या आत बिल लागलं नाही तर पैसे परत. पुन्हा नमुना घ्यायचा तर पुढचा पावसाळा. अशा वेळी कुठलाही प्रामाणिक माणूस हो म्हणूनच उत्तर पाठवतो, मी त्याला दोष देणार नाही. दोष त्या वेळापत्रकाचा आहे, बहार पावसावर चालतो आणि पैसा आर्थिक वर्षावर. आणि सप्टेंबर ते मार्च तो नमुना उणे ८० च्या फ्रिजरमध्ये असतो, तालुक्याच्या ठिकाणच्या विजेवर, जनरेटरचं डिझेल कोणाच्या हेडमधून हे ठरलेलं नसताना.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो झाडांच्या संख्येवरून. समजा दोन वाण, निरोगी आणि रोगट, तीन वेगवेगळ्या वेळा, आणि प्रत्येकाची तीन तीन वेगळी झाडं, तर २ गुणिले २ गुणिले ३ गुणिले ३, झाले ३६ नमुने. ही तीन झाडं म्हणजे चैन नाही, दोन झाडांत मुळातच किती फरक असतो ते कळल्याशिवाय रोगाने पडलेला फरक ओळखताच येत नाही. २०१६ मध्ये यीस्टवर एक प्रसिद्ध अभ्यास झाला, त्यांनी प्रत्येक गटाचे तब्बल ४८ नमुने वाचले आणि दाखवलं की तीनच नमुने घेतले तर खरोखर बदललेल्या जीन्सपैकी २० ते ४० टक्केच हाती लागतात, निदान सहा तरी घ्या. यीस्ट हे लॅबमध्ये एकसारख्या परिस्थितीत वाढणारं, आपली बाग तर उघड्यावर, जमीन वेगळी, छाटणी वेगळी. आणि आपल्याकडे काय होतं तर बजेट बसत नाही म्हणून तीन झाडांची पानं एकाच ट्यूबमध्ये एकत्र करून एक नमुना म्हणून पाठवतात. मग ३६ चे १२ होतात, बिल एक तृतीयांश होतं, रिपोर्ट तेवढाच जाड येतो, आणि त्यातून कुठला फरक खरा हे सांगायला काहीच आधार उरत नाही. असं केलेलं काम छापून पण येतं. त्यावर पुढे कोणीतरी मार्कर, म्हणजे चांगली रोपं ओळखायच्या जीन्समधल्या खुणा, काढायला बसतं, वर्षं जातात.

तेल्यासाठी अजून एक बारीक गोष्ट, पण मोठी. नेहमीच्या पद्धतीत आरएनएच्या टोकाला असलेली पॉली-ए शेपटी पकडून झाडाचे संदेश वेगळे काढतात. जिवाणूच्या संदेशांना तशी शेपटी नसते. म्हणजे त्या पानात झँथोमोनास काय करतोय, कुठली हत्यारं काढतोय हे सगळं पहिल्याच पायरीला धुऊन जातं. दोघांचं एकत्र बघायचं तर रायबोसोमल आरएनए (पेशीत सगळ्यात जास्त असणारा, पण संदेश नसलेला) काढून टाकण्याची दुसरी पद्धत वापरावी लागते, झाडाचाही आणि जिवाणूचाही, रीड्स म्हणजे मशीनने वाचलेले तुकडे पण जास्त घ्यावे लागतात, पैसे जास्त लागतात. टेंडरमध्ये "ट्रान्सक्रिप्टोम सिक्वेन्सिंग, प्रति नमुना दर" एवढी एकच ओळ असेल तर कुठली कंपनी स्वतःहून महागडी पद्धत लिहील? सगळ्यात कमी रेटवाला जिंकतो आणि तो नियमाने बरोबरच जिंकतो.

कंपन्यांबद्दल मला राग नाही हे स्पष्ट लिहिते, बऱ्याच ठिकाणी मन लावून काम करणारी मराठी मुलं भेटतात, फोनवर तासभर समजावून सांगतात. पण जे मागितलं नाही ते कोणी देणार नाही. रिपोर्ट येतो रंगीत पीडीएफमध्ये, लाल-हिरवे हीटमॅप, व्होल्कॅनो प्लॉट असे आलेख, पाथवेची (एकत्र काम करणाऱ्या जीन्सच्या साखळ्यांची) लांबलचक यादी. त्या यादीत डाळिंबाच्या पानात माणसाच्या पार्किन्सन आजाराचा पाथवे सुद्धा निघालेला असतो, कारण माणसाच्या नावाने नोंदलेले जीन्स झाडातल्या सारख्या दिसणाऱ्या जीन्सशी जुळतात आणि ते गाळायला कोणी बसलेलं नसतं. एका विभागाला तर फक्त एफपीकेएमचे (आधीच हिशोब करून बदललेले) आकडे असलेली एक्सेल शीट मिळाली, मूळ फास्टक्यू फाइल्स, म्हणजे मशीनने वाचलेला कच्चा डेटा, मागायच्या राहिल्या, आणि जेव्हा मागितल्या तेव्हा कंपनीच्या सर्व्हरवरून मुदत संपून डिलीट झालेल्या. कुठला फरक खरा हे तपासणारं डीईसेक-२ सारखं सॉफ्टवेअर एफपीकेएमवर चालतच नाही, त्याला कच्चे काउंट्स, म्हणजे मोजलेल्या कॉप्यांचे मूळ आकडे, लागतात. म्हणजे लाखो रुपये खर्च करून हातात चित्रं राहिली.

सरकारी पैशातून आलेला हा डेटा पुढच्या माणसाला वापरता यायला हवा. असा डेटा सगळ्यांसाठी खुला करण्याच्या केंद्राच्या २०२१ च्या बायोटेक-प्राइड गाइडलाइन्स आल्यात, फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर २०२२ मध्ये सुरू झालंय, अमेरिकेचं एनसीबीआय हे डेटा केंद्र तर आधीपासून आहेच. तिथे डेटा टाकला की एक नंबर मिळतो. संपादक महाशय, जीन्स सापडल्याची बातमी छापताना तो नंबर आणि किती झाडांवर प्रयोग झाला हे दोन आकडे तेवढे विचारून छापा, वाचकांना नंबर बघून काही कळणार नाही हे मान्य, पण विचारलं जातं म्हटल्यावर टाकला जाईल.

टेंडर बदलणं हे काही अशक्य नाही. दोन लिफाफ्यांची (एकात तांत्रिक माहिती, दुसऱ्यात रेट) पद्धत आहेच, त्यातल्या टेक्निकल लिफाफ्यात लिहायचं की डाळिंबासारख्या टॅनिनवाल्या पिकाचा आरएनए आधी काढलाय का, एक-दोन नमुने आधी ट्रायलला घ्या आणि जमलं तरच पुढचे, आरआयएन इतक्याच्या खाली आला तर सिक्वेन्सिंग करायचं नाही आणि त्याचे पैसे लागणार नाहीत, कंट्रोल आणि रोगट नमुने वेगवेगळ्या खेपांत न लावता एकाच रनमध्ये लावायचे, फास्टक्यू फाइल्स एमडी-५ चेकसमसह (फाइल पूर्ण आली का हे तपासायचा आकडा) हार्डडिस्कवर द्यायच्या आणि लॅबने लेखी पोच दिल्याशिवाय डिलीट करायच्या नाहीत, डेटा संस्थेचा. ही तर पानभर यादी सुद्धा होत नाही. क्वालिटीला मार्क देऊन निवड करायची तरतूदही केंद्राच्या खरेदी नियमांत आहे. जून २०२५ मध्ये केंद्राने आपल्या संशोधन संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख केली ही चांगलीच गोष्ट, पण ती उपकरणं आणि केमिकल्ससाठी आणि केंद्राच्या संस्थांसाठी, राज्याच्या विद्यापीठातल्या माणसाने सिक्वेन्सिंगची सेवा घ्यायची तर तो आहे तिथेच.

आरएनए काढणं आणि तपासणं हे मात्र बाहेर पाठवू नये असं मला अगदी मनापासून वाटतं. त्याला कोटींचं मशीन लागत नाही. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार कृषी विद्यापीठांत प्रत्येकी एक चांगली खोली, बॅकअपवाला उणे ८० फ्रिजर, आरआयएन मोजायचं उपकरण आणि हात बसलेले दोन टेक्निशियन, एवढं केलं तरी आजूबाजूच्या कॉलेजांचे, कृषी विज्ञान केंद्रांचे नमुने तिथेच तपासून पास झालेला आरएनएच कंपनीकडे जाईल. सोलापूरला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, त्यांचा या पिकातला अनुभव घेऊन डाळिंबाची एक पद्धत मराठीत लिहून सगळ्यांना वाटली तरी कितीतरी नमुने वाचतील. नमुना बिघडला की नुसते पैसे जात नाहीत, एक आख्खा बहार जातो.

आणि एक माणूस, डेटा बघणारा. विद्यार्थी पीएचडीच्या चौथ्या वर्षी धडपडत लिनक्स शिकतो, आकडेमोडीची 'आर' ही कॉम्प्युटरची भाषा शिकतो, डेटा वाचता यायला लागतो तोवर फेलोशिप संपते आणि तो बंगळुरूला नाहीतर बाहेरच्या देशात जातो, त्याच्याबरोबर शिकलेलं सगळं जातं, पुढचा विद्यार्थी परत पहिल्यापासून. प्रत्येक कृषी विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्सचं (जीन्सचा डेटा कॉम्प्युटरवर तपासायचं) काम करणारं निदान एक कायम पद हवं, प्रोजेक्टवरचं नको, ज्याच्याकडे प्रयोग आखायच्या आधी जाऊन विचारता येईल की बाबा रे किती झाडं घेऊ. कृषी खात्याने येत्या बजेटमध्ये याचा विचार करावा, प्रोजेक्टचा हप्ता जूनच्या आधी सोडावा, आणि कुठल्या विभागाने टेंडरचा मसुदा आधीच असा बदलून घेतला असेल तर त्यांनी तो कृपया बाकीच्यांना द्यावा, आम्ही तो जसाच्या तसा वापरायला तयार आहोत.

कळावे,
आपली,
डाळिंब संशोधनात काम करणारी एक वाचक
जि. सोलापूर